वरच्या खोलीतले गुडघे

कांदिवलीची आमची विहीर आता मोटारींच्या खाली गेली आहे. मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, बायका साड्यांवर आल्या, तशी मी पाय मोकळे करायच्या निमित्ताने खाली उतरले. पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन जाड खांबांच्या मध्ये, लोखंडी जाळीखाली ती होती. आधी नाकाने ओळखली. शेवाळ, गार दगड आणि त्यात कुठूनसा गवती चहा. गवती चहाचं बेट आता तिथे असणं शक्य नाही, पण नाकाला कोण समजावणार?

"पाणी आहे का रे अजून?" मी वॉचमनला विचारलं.

"आहे ना आजी. गाड्या धुवायला घेतो की."

तेवढ्यात डोक्यावर, वरच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये, कुणीतरी गाडीचं दार लावलं. धप्प. मी मान वर करून तशीच उभी राहिले. वॉचमनला वाटलं म्हातारीला चक्कर आली. त्याने खुर्ची पुढे केली. त्याला काय सांगणार, की मी दुसऱ्या आवाजाची वाट बघतेय? ही माझ्या आईची सवय. दागिने फारसे नव्हतेच, म्हणून हीच मला मिळाली.

तेव्हा इथे एक मजली कौलारू घर होतं. खाली दोन खोल्यांत आम्ही. अण्णा, आई, मी आणि माझ्याहून पुष्कळ धाकटा भाऊ मनू. वर एकच खोली, फळ्यांच्या जमिनीची. वर कुणी चमचा पाडला तरी खाली आमच्या ताटात पडल्यासारखा वाजायचा. मागे विहीर, विहिरीला लागून वाडीला पाणी पाजायचा दगडी हौद, आणि त्यापलीकडे भातखाचरं. संध्याकाळी तबेल्यातल्या म्हशींचा वास यायचा आणि पाठोपाठ चुलींचा धूर. साल नेमकं नको विचारू कुणी. स्वातंत्र्य जुनं झालं नव्हतं आणि मी मॅट्रिकच्या वर्गात होते.

त्या वरच्या खोलीत दोन अमेरिकन पोरं राहायला आली. मॉर्मन पंथाची, धर्म सांगायला आलेली. हा पंथ कांदिवलीत कुणी ऐकला नव्हता. गावठाणातले ख्रिस्ती लोकसुद्धा त्यांच्याकडे 'हे कुठले आणखी?' असं बघायचे. दोघांनाही एल्डर म्हणायचं, म्हणजे वडीलधारे. अण्णा पोट धरून हसले. "ओठावर धड मिसरूड नाही आणि म्हणे वडीलधारे! मग मी कोण, पणजोबा?"

मोठा टकर. उंच, हाडकुळा, कधी न घोटाळणारा. धाकटा लार्सन. तो एकोणीस वर्षांचा होता आणि उन्हात पहिल्या दिवशीच गाजरासारखा झाला. त्याच्या गावाला मेंढ्या होत्या आणि डोंगरावर बर्फ. मनूला तो बर्फ किती हे हातांनी दाखवायचा, आणि हात पुरले नाहीत की आमच्या ओट्यावर चढून दाखवायचा.

पहाटे आईची अंघोळ व्हायची. ती देवघरापुढे बसून वात सारखी करायची आणि त्याच सुमाराला वर वाजायचं. धप्प. धप्प. दोन खाटा, दोन पोरं, गुडघे टेकून प्रार्थनेला बसलेली. आई म्हणायची, "उठले हो वरचे," आणि काडी ओढायची. घरात घड्याळ होतं, पण आईचा दिवा त्या गुडघ्यांवर लागायचा. मला आजही उदबत्तीचा वास आला की त्याच्या आधी काहीतरी वाजायला हवं असं वाटतं.

मग ती पोरं विहिरीवर पांढरे सदरे धुवायची. पिळायची अशी, की जणू कोंबडीची मान. आई हसून हसून बेजार व्हायची. "अरे दे इकडे. जीव घेशील त्या कापडाचा." नंतर सायकलींवर बसून बोरिवलीपासून मालाडपर्यंत दारोदार. तिथे त्यांची वाट लागायची ती चहाने. चहा त्यांच्या धर्मात वर्ज्य. आणि आपल्याकडे आल्यागेल्याने चहा नाकारला म्हणजे घरच नाकारलं. देवाबद्दल ऐकून घ्यायला लोक तयार असायचे हो, पण कप परत फिरवलेला कुणाला चालतो? अण्णा तर रोज मुद्दाम विचारायचे, "काय लार्सन, अर्धा कप?" तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "नको, मी आपला अत्यंत आभारी आहे." आईने यावर तोड काढली. विहिरीकडेच्या बेटातलं गवती चहाचं पातं उकळून, दूधसाखर घालून कानाच्या पांढऱ्या कपात द्यायची. टकरने बराच विचार करून परवानगी दिली.

लार्सनचं मराठी कुठल्या तरी जुन्या पाद्र्याच्या पुस्तकातलं होतं. "आपण कृपा करून मला मीठ देण्याचे करावे." आई म्हणायची, "अरे मेल्या, तोवर जेवण होईल माझं. 'मीठ दे' म्हण." तो लाल व्हायचा. त्याला आईला 'दे' म्हणवायचं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास. आईला कळलं तेव्हा तिने मोठ्या हौसेने साबुदाण्याची खिचडी केली, वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. लार्सन ताटली हातात घेऊन नुसता उभा. उपासाला खायचं असतं हे त्याला कळेना, आणि उपासाला पाणीही प्यायचं नसतं हे आईला. "निर्जळी?" ती म्हणाली. "ह्या वयात?" त्या दिवसापासून ती त्यांच्याबद्दल कुणाचं वाकडं ऐकून घेईना. शेजारणी म्हणाल्या, ही पोरं गोड बोलून बाटवतात. आई म्हणाली, "जो निर्जळी करतो तो खोटं बोलत नाही."

लार्सन मनूला सायकलच्या दांडीवर बसवून पोयसर नदीपर्यंत न्यायचा. घंटी वाजवायचा मान मनूचा. संध्याकाळी ती घंटी लांबून ऐकू यायला लागली की आई भाताखालचा जाळ पुढे ओढायची. गेल्या सत्तर वर्षांत मी नाना तऱ्हेच्या घंट्या ऐकल्या, पण ती जरा घशात खरखर असलेली होती.

मग मनूलाच घशाचं झालं. घटसर्प.

कसं आणि कुठून ते मी सांगत बसत नाही. त्याच्या श्वासाचा आवाज सांगते. ओली लाकडी फळी करवतीने कापावी तसा. टकर वाईट नव्हता, हे इथेच म्हणून ठेवते. डॉक्टरांना सायकलवर डबलसीट बसवून त्यानेच आणलं, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. डॉक्टरांनी सुई दिली आणि उशीर झाला म्हणाले. त्या संध्याकाळी दोघं खाली आले. लार्सनच्या हातात अंगठ्याएवढी कुपी होती, ऑलिव्हच्या तेलाची. टकरने विचारलं, आम्ही आमच्या पद्धतीने प्रार्थना केली तर चालेल का? आई म्हणाली, "कर रे बाबा. कुठलाही देव असो, लवकर येऊ दे."

मनूच्या टाळूवर तेलाचा एक थेंब ठेवला. दोघांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. बोलायचं होतं लार्सनने. त्यांच्यात अशा वेळी पाठ केलेलं म्हणत नाहीत, जे आतून येईल ते बोलतात. ते आपले शब्द नसतात, वरून आलेले असतात, असं मानतात. मला इंग्रजी कळत होतं. आई माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतोय?"

"तू बरा होशील म्हणतोय. तू मोठा होशील. आईचा हात धरून चालशील."

टकरने एकदम डोळे उघडले आणि लार्सनकडे पाहिलं. मग पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत मनू गेला.

त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात. फिनेल. न चढवलेल्या भाताचा, म्हणजे घरात भाताचा वास नसण्याचा. मागच्या दोरीवर मनूचा निळा सदरा वाळत होता तो आईने कुणाला काढू दिला नाही. तो उन्हाने विटत गेला. आई रडली नाही. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर बसून राहायची. देवघरातला दिवा बंद झाला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

बोलायला लोक होतेच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सगळं माहीत होतं. गुरुजी म्हणाले, पूर्वजन्मीचं एवढंच देणंघेणं होतं. शेजारीण म्हणाली, दृष्ट लागली, गोरं पोर होतं. आत्या म्हणाली, परक्यांची तेलं डोक्यावर घालून घेतलीत, आपले देव रागावणार नाहीत तर काय? आई सगळ्यांकडे सारखंच बघायची, जसं आगगाडीत समोर बसलेल्या माणसाकडे बघतात.

एक दिवस पहाटे तिने मला हलवलं. मनू गेल्यापासून ती आपणहून पहिल्यांदाच बोलत होती. "ऐक."

वर वाजलं. धप्प.

"एकच," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही एकच. पुढेही रोज एकच. लार्सन सदरा धुवत होता, सायकल काढत होता, टकरच्या मागून दारोदार जात होता. आमच्या दारावरून जाताना मात्र सायकल हातात धरून, घंटीवर तळवा दाबून चालत जायचा, ती चुकून वाजू नये म्हणून. आणि पहाटे त्याचे गुडघे जमिनीला लागत नव्हते. आई स्वतः हात जोडत नव्हती, पण कान छताला लावून बसायची. "मेलं पोर देवाशी बोलेनासं झालं," ती म्हणाली. "माझ्यापायी."

टकरला हे दिसत असणारच. एका रविवारी तो एकटा खाली आला, आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, आणि मला म्हणाला, नीट सांग तुझ्या आईला. लार्सनचे शब्द खोटे नव्हते. लहानपणी गेलेलं मूल मेल्यानंतरच्या जगात तसंच लहान परत मिळतं. ते आईच्या हाती देतात. ते तिथे मोठं होतं, आईचा हात धरून चालतं. मी सांगितलं. आईने मला पुन्हा सांगायला लावलं.

"माझ्या हाती?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या नाही?"

"तुमच्याच," टकर म्हणाला.

"मी काय करायचं मग?"

पाण्यात बुडी घेऊन त्यांच्या पंथात यायचं. आणि नवऱ्याची संमती हवी.

आई त्या दिवशी दोन वेळा जेवली. केस विंचरले. अण्णांना विचारायला ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा तिच्या आवाजात जी धग होती, ती आम्ही दोघं विसरूनच गेलो होतो. "अहो, मनूला परत देतात."

अण्णा ताडकन उठले. "कोण देतात? दुकान आहे का ते?" खूप बोलले. धर्म, जात, उद्या पोरीचं लग्न, भाऊबंद. आई ऐकत राहिली. शेवटी अण्णांचा आवाज खाली आला. ते तिच्या विंचरलेल्या केसांकडे बघत होते. "जा," ते म्हणाले. "घे बुडी. पण तू जेवत जा." मी माझ्या आयुष्यात याहून मोठ्या मनाचं वाक्य पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि माझा नवराही चांगला होता.

विधी हौदात व्हायचा ठरला. आदल्या दिवशी टकरने बाजारातून मलमलीचं पांढरं थान आणून दिलं. त्यांच्यात बुडी घ्यायची ती पांढऱ्या वस्त्रात. त्याच्या लेखी पांढरं म्हणजे स्वच्छ. त्याला कोण सांगणार, की आपल्याकडे सवाष्ण बाई पांढरं नेसत नाही, नवरा गेल्यावर नेसते? आईने ते थान मांडीवर घेतलं आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. मी म्हटलं, "आई, मी सांगते त्यांना, दुसरा रंग चालेल का विचारते." ती म्हणाली, "नको. मनूच्या वाटेत काही राहायला नको."

सकाळी ती पांढरं नेसून बाहेर आली. कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू, मुद्दाम. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आपण आहोत ना हे चाचपावं तसा. आईने तो हात पाहिला. पण ती थांबली नाही.

हौदात कमरेएवढं पाणी. लार्सन आधीच उतरला होता, तोही पांढऱ्यात. टकरनेच त्याला हे काम दिलं होतं, त्याचा विश्वास परत यावा म्हणून असेल. रहाटावर एक खंड्या बसला होता. आई पायरी पायरीने उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तिची मलमल पाण्यावर पसरली. लार्सनने एक हात तिच्या पाठीमागे धरला, दुसरा वर केला. म्हणायचे शब्द मोजकेच असतात. तो हात वरच राहिला. टकर काठावरून हळू आवाजात ते शब्द सांगायला लागला, तर लार्सनने मान हलवली.

"मनू मिळेल ना रे?" आईने त्याला विचारलं. थेट त्याला, माझ्याकडे न बघता.

त्याचा हात खाली आला.

"आई," तो म्हणाला, "मला माहीत नाही."

आमच्या घरातलं मराठी होतं ते, छोटं, सरळ. त्यात कृपा नव्हती, आभार नव्हते. मग तो रडायला लागला, तोंड न झाकता. टकर खाली बसला आणि त्याने डोकं हातात धरलं.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही बुडून मरेल इथे. तिचं शेवटचं काढून घेतलं त्याने. पण तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मनूचा फिरवायची तसा, नाक पुसत, जरा दांडगाईने. "चल," ती म्हणाली. "बाहेर हो. गारठशील." त्याला पायरीपर्यंत सोडलं. मग एकटी मागे फिरली आणि तिने स्वतःच डोक्यावरून बुडी मारली. कुणी काही म्हटलं नाही, कुठल्याच देवाचं नाव नाही. सुतकाची अंघोळ करतात तशी. वर आली ती हंबरडा फोडतच. आवाज खाचरांपर्यंत गेला असेल. ओलेत्याने दोरीपाशी गेली, निळा सदरा काढला, घडी घातली आणि घरात जाऊन नेहमीचं लुगडं नेसली.

लार्सनला त्याच्या पंथाच्या लोकांनी परत बोलावून घेतलं लवकरच. टांगा दाराशी उभा होता. तो निरोप घ्यायला आत आला, ट्रंक बाहेर ठेवून. आईने त्याच्यासाठी पांढऱ्या कपात गवती चहाचं पाणी केलं होतं. अण्णांच्या हातात त्यांचा चहा होता आणि सवयीने, काही मनात नसताना, त्यांच्या तोंडून गेलं, "काय लार्सन, अर्धा कप?"

"हो," तो म्हणाला. अण्णांच्या कपाकडे बोट केलं. "तो दे."

अण्णांनी गोंधळून कप पुढे केला. आणि आईने, जिच्या दारातून भिकारीसुद्धा चहाशिवाय गेला नव्हता, तिने पुढे होऊन तो कप धरला. "नको रे. राहू दे. हा घे, हा तुझा." तिने खरोखरच ओढला तो. थोडा चहा जमिनीवर सांडला. लार्सनने तिचा हात हळूच बाजूला केला आणि उभ्याउभ्या सगळा प्याला. पहिल्यांदा पिणाऱ्याचं तोंड होतं तसं वाकडं झालं. मग वाकून आईच्या पायांना हात लावला आणि गेला.

आई दारात उभी राहून म्हणाली, "प्याला गं तो." कुणी गेल्याची बातमी सांगावी तशी म्हणाली.

दुसऱ्या पहाटे वर धप्प वाजलं. टकरचं. आई देवघरापुढे बसली होती, काडी हातात, मान वर. ती खोली अर्धी रिकामी आहे हे तिला माहीत होतं. तरी थांबली. मग तिने दिवा लावला. मनू गेल्यानंतरचा पहिला.

ते घर आम्ही सोडलं, पुढे मुलुंडला गेलो, तिथे वर स्लॅब होता. तरी पहाटे काडी ओढण्याआधी आई क्षणभर छताकडे बघायचीच. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसले होते. ती म्हणाली, "तो लार्सन. गुडघे टेकत असेल का गं आता?"

"टेकत असेल की," मी म्हटलं.

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत."

"मग तसं सांगावं." जराशाने म्हणाली, "तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं बघ. मनू का गेला, कुठे गेला, कधी भेटेल. माहीत नाही म्हणणारा तो एकटाच. त्याच्या त्या शब्दांवर मी जगले. पण त्याला ते फार महाग पडलं गं." मग म्हणाली, "टेकत असू दे रे देवा."

वॉचमनच्या खुर्चीत बसून मी जाळीतून खाली बघितलं. पाणी काळं होतं आणि त्यात वरचा ट्यूबलाइट दिसत होता. बारशाच्या घरून फोन आला, कुठे आहात, जेवायला बसतोय. मी उठले. गुडघ्यांनी त्रास दिला. लिफ्टपाशी पोचते तोच वर दुसरं दार लागलं. की मला तसं वाटलं, माहीत नाही.